पिवळा डोळा, काळा डोळा

सातपूरच्या कारखान्यात खंडेराव गायधनीला पाठीमागे सगळे ‘नापास’ म्हणायचे. हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. ज्या तपासनिसावर सगळे खूश, त्याने कधीच खुर्ची सोडायला हवी होती, असं त्याचं मत. कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांसाठी लोखंडी बुश, म्हणजे पोकळ नळकांडी, बनायचे. यंत्रावरून उतरलेला बुश खंडेरावच्या टेबलावर यायचा. एका बाजूला ड्रॉइंग, दुसऱ्या बाजूला माप तपासायचा गेज. गेजचं एक टोक बुशात गेलं पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा नये, एवढाच हिशोब. जमलं तर पास, नाहीतर लाल चिठ्ठी. त्यात ओळखदेख नाही, मेहरबानी नाही. एका खंडेनवमीला यंत्रांना हार घालून झाले होते, पेढे वाटून झाले होते, माणसं चपला शोधत होती, आणि याने चारशे बुशांचा अख्खा लॉट परत पाठवला. त्या दिवशी त्याला पेढ्याबरोबर काय काय खावं लागलं ते विचारू नका.

पंधरा वर्षं पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपच्या भिंतीला लागून बसल्याने त्याचे कान अधू झाले होते. अगदी बहिरा नव्हता. माणसांचं बोलणं कळायचं, बायकोचं तर जरा जास्तच. पण बारीक, उंच आवाज गेले होते. घड्याळाचा गजर वाजून वाजून थकायचा आणि हा घोरत पडलेला असायचा. कंपनीच्या डॉक्टरने कान तपासले आणि सांगितलं, गेलेलं काही परत येणार नाही, पण सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर कुठेतरी शांत जागी जाऊन बसा, म्हणजे उरलंय ते टिकेल. औषध म्हणून सांगितलेली गोष्ट खंडेरावने औषधासारखीच घेतली, वेळच्या वेळी. सातपूरला सुट्टी शनिवारी. एकोणीसशे नव्वदच्या हिवाळ्यापासून दर शनिवारी सकाळी त्याची एम-एटी स्कूटर निफाडच्या दिशेने निघू लागली. ‘लोक सुट्टीला बायकोला घेऊन सिनेमाला जातात,’ सविता म्हणायची, ‘आणि आमचे हे बगळ्यांना भेटायला.’

पक्ष्यांचा नाद त्याला आधी नव्हता. तो लागला शहरातल्या एका पक्षिमित्र मंडळाबरोबर नांदूरमधमेश्वरला गेल्यावर. बाकीची मंडळी झुडपाकडे कान लावून, आवाजावरून नावं सांगत होती. खंडेरावला त्यातलं काही ऐकूच येईना. पण समोरच्या उथळ पाण्यात तीन फूट उंचीचे चित्रबलाक करकोचे एका पायावर उभे होते, आणि त्यांना ओळखायला कानांची गरजच नव्हती. करकोच्याला गळा असून आवाज नसतो. फार तर चोच खडखडवतो. एक बिनआवाजाचा आणि एक बिनकानाचा, त्यांचं पहिल्याच भेटीत जमलं. लहान पक्षी त्याने इतरांना देऊन टाकले आणि पाण्यात उभे राहणारे मोठे पक्षी स्वतःकडे ठेवले.

आता तपासनीस तो तपासनीस. त्याने एक रजिस्टर आखलं. उंची, चोच, मान, पाठ, पंख, पाय असे सहा रकाने. शेवटी सातवा रकाना निकालाचा. खिशात मावणारं एक पक्ष्यांचं पुस्तक त्याने घेतलं होतं. त्यातलं चित्र म्हणजे ड्रॉइंग. पक्षी दिसला की सहाही रकाने चित्राशी ताडून बघायचे. सहा जुळले तर पास. पाच जुळले तर, मग तो कितीही ओळखीचा वाटो, नापास. आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रजिस्टरात एक अक्षर लिहायचं नाही. मंडळाची चिटणीस भाग्यश्री कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. हौशी लोकांच्या ‘मला गरुडासारखं काहीतरी दिसलं’ असल्या पत्रांनी ती वैतागलेली होती. खंडेरावचं रजिस्टर पाहून तिचा जीव भांड्यात पडला. पाच-सहा वर्षांत असं झालं की उंच पायांच्या पक्ष्याची कुठलीही नोंद आली की ती म्हणायची, ‘खंडेरावकाकांनी पास केलंय ना? मग डोळे झाकून लिहा.’

मंडळाची गर्दी त्याला फार दिवस मानवली नाही. निफाडच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की भोकरवाडीचा छोटा तलाव होता. तिथे कुणी पक्षी बघायला येत नसे. खंडेरावने तो तलाव धरला. लंकाबाई त्याला तिथेच भेटली.

दिवाळीनंतर तलावाचं पाणी मागे सरकू लागतं आणि काठचा काळाभोर गाळ उघडा पडतो. ती जमीन हंगामापुरती कसायला मिळते. तिला गाळपेर म्हणतात. लंकाबाईकडे अशी एक चिंचोळी पट्टी होती. पाणी एक हात मागे गेलं की ती एक हात पुढे सरकायची. हरभरा, गहू, कडेने मेथी. नवरा पिंपळगावच्या मार्केटात हमालीला जायचा, त्यामुळे पट्टी एकट्या तिच्याच जिवावर. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ती दिवसभर त्या गाळात वाकलेली असायची, आणि तिच्यापासून पंधरा-वीस पावलांवर बगळे नि करकोचे आपापलं पोट भरत फिरायचे. तिला बघून कुणी उडत नसे. खंडेराव तलावाच्या मातीच्या भरावावर दुर्बीण उंचावायचा आणि पंचवीस पक्षी एकदम उठायचे. ‘तुमची ती काळी नळी बगून भित्यात वो,’ ती म्हणायची. खंडेरावला त्याचा राग यायचा, पण हरभऱ्याचा हिरवा ढाळा तिने हातात ठेवला की जायचा.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. खंडेराव गाडी उभी करतोय तोच लंकाबाई हात पुसत भरावावर आली. एरवी ती काम टाकून कधी यायची नाही.

‘भाऊ, त्या टोकाच्या सादड्यावं लांबड्यानं घरटं केलंय,’ ती म्हणाली. ‘जोडी हाय. दोन पिलं हायत.’

‘लांबडा म्हणजे कोण?’

‘नाव ठावं नाय. आमी लांबडाच म्हनतो. तुमच्या छातीयेवढा आसंल. चोच काळी, ही आशी, ईळ्यावानी न्हाय, सरळ. पाय लाल.’

भरावाच्या शेपटाला सादड्याचं एक जुनं झाड होतं. खंडेरावने तिकडे पाहिलं. झाडाच्या खोडावर लाल रंगात आकडा रंगवलेला होता. लंकाबाईने तेच सांगायला त्याला गाठलं होतं. तलावाच्या भरावाची दुरुस्ती निघाली होती. मुळांनी भराव फुटतो म्हणून भरावावरची झाडं काढायची होती, संक्रांत झाली की लगेच. तिने मुकादमाला विचारलं होतं. मुकादम भला माणूस. म्हणाला, पाखरांचं काही असेल तर कुणा साहेबाचा कागद आणा, शिमग्यापर्यंत हे एक झाड मागं ठेवतो, बाकीची आधी पाडतो.

‘तुमची मंडळी कागद देती ना? दोन वळी लिवून द्या. पिलं उडाली का खुशाल पाडू द्या झाड.’

मागणं एवढंच होतं. दोन ओळींचा कागद, दोन महिन्यांची मुदत.

उंच, काळी चोच, लाल पाय हे ऐकून खंडेरावच्या छातीत धडधडलं. पुस्तकात काळ्या मानेचा करकोचा होता तसा. तो या भागात पाहिल्याचं मंडळाच्या यादीत नव्हतं. पण धडधडीवर निकाल लिहिणाऱ्यांपैकी तो नव्हता. तो सादड्याखाली जाऊन बसला. वर काट्याकुट्यांचा मोठा ढीग दिसत होता, गिधाडाचाही असू शकेल असा. तेव्हा गिधाडं होती. नऊ ते साडेबारा त्याने मान दुखेपर्यंत वर पाहिलं. ना पिल्लू दिसलं, ना मोठा पक्षी. एक राखी बगळा तेवढा येऊन फांदीवर बसून गेला.

‘पिलं दडून बसत्यात,’ लंकाबाई म्हणाली. ‘मोठी दोगं नदीकडं गेल्यात. सांजच्याला येत्यात चारा घिऊन. बसा की सांजपर्यंत.’

पण त्या दिवशी मेव्हण्याकडे जेवण होतं, आणि सविताने तीनदा बजावलं होतं. साडेतीन तास म्हणजे काही कमी नव्हेत, असंही त्याला वाटलं. जाण्याआधी त्याने रजिस्टर मांडीवर घेतलं आणि तिलाच तपासायला सुरुवात केली, जणू तीच यंत्रावरून उतरली होती.

‘मान कशी आहे? काळी?’

‘सावलीत काळी. उन्हात न्हाय. उन्हात निळी-हिरवी, मोराच्या मानेवानी. आन डोस्क्यावं तांब्याची झाक मारती.’

खंडेरावने पुस्तक उघडलं. बोटाच्या पेराएवढं चित्र. मान काळी, दौतीतल्या शाईसारखी काळी. निळं नाही, हिरवं नाही, तांबं तर नाहीच.

‘दोन्ही पक्षी सारखेच?’

‘सारकेच. फकस्त डोळं येगळं. एकाचा पिवळा, हळदीवानी. एकाचा काळा.’

‘मग ती जोडी कशी? दोन वेगळे पक्षी झाले.’

‘जोडीच हाय भाऊ. समोरासमोर ऱ्हाऊन पंख हालवत्यात, हळदीत नाचल्यावानी. म्या रोज बगती.’

पुस्तकात डोळ्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. रजिस्टरात डोळ्यांचा रकानाच नव्हता. खंडेरावला मनापासून वाईट वाटलं, कारण बाई त्याला आवडायची. पण बाईला खरंच तो करकोचा दिसला असता तर तिने सरळ काळी मान सांगितली असती. ही मोर काय सांगते, हळद काय सांगते. झाड वाचावं म्हणून माणूस चार गोष्टी पदरच्या घालतो, त्यात तिचा तरी काय दोष? त्याने सातव्या रकान्यात लिहिलं, ‘अग्राह्य’.

भाग्यश्रीने फोनवर विचारलं, ‘काका, पत्र देऊ का? द्यायला काय, पाच मिनिटांचं काम.’

‘नको,’ तो म्हणाला. ‘उद्या कुणी विचारलं, पाहिलं कुणी, तर मंडळाने काय सांगायचं?’

‘तुम्ही म्हणता तर नको,’ ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी त्याने लंकाबाईला सांगितलं, कागद मिळणार नाही. ती एवढंच म्हणाली, ‘बरं.’ त्या दिवशी ढाळा मिळाला नाही.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी तो गेला तेव्हा भराव बोडका झाला होता. सादड्याचे तुकडे ट्रॅक्टरवर चढवत होते. लंकाबाई पट्टीत खुरपत होती. त्याला पाहून ती उठली नाही. मग त्यालाच खाली उतरावं लागलं.

‘परवा पाडलं,’ ती मान वर न करता म्हणाली. ‘येक पिलू फांदीखाली घावून मेलं. हितंच पुरलंय, गव्हाच्या कडंला.’

आणि खंडेरावने काय विचारावं? त्याने विचारलं, ‘रंग कसा होता?’

‘मातकट,’ लंकाबाई म्हणाली. ‘सगळंच मातकट.’

सांगायला लाज वाटते, पण त्याला हलकं वाटलं. मातकट म्हणजे काळं-पांढरं नव्हे. म्हणजे काळ्या मानेचा करकोचा नव्हे. म्हणजे निकाल बरोबर होता. दुसऱ्या पिल्लाचं त्याने विचारलं नाही. विचारायला काही उरलं आहे असं त्याला वाटलंच नाही. तो भरावावर जाऊन बसला आणि त्या दिवशी त्याने सव्वीस चित्रबलाक मोजले.

दोन हजार सालच्या पावसाळ्यात मंडळाने वर्गणी काढून एक मोठा ग्रंथ विकत घेतला. भाग्यश्रीच्या घरी मंडळी जमली होती, भजी तळली जात होती, ग्रंथ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होता. खंडेरावच्या मांडीवर आल्यावर त्याने सवयीने करकोच्यांचं पान काढलं. काळ्या मानेच्या करकोच्याचं चित्र पानभर होतं. मान काळी नव्हती. निळी होती, हिरवी होती, आणि डोक्यावर तांब्याची झाक होती. खाली इंग्रजीत बारीक अक्षरात मजकूर होता. त्याने बोट ठेवून शब्द शब्द लावला. नर आणि मादी दिसायला सारखेच. फरक एकच, मादीचा डोळा पिवळा, नराचा गडद. त्याखाली आणखी एक ओळ होती: पिल्लं तपकिरी, मातकट रंगाची.

कुणीतरी भज्यांची बशी पुढे केली. त्याने घेतली नाही.

ज्या दोन गोष्टींसाठी त्याने तिला खोटं ठरवलं होतं, त्या दोन गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणाला सांगताच आल्या नसत्या. मनाचं घालणारा माणूस काळी मान सांगतो, दोघांचे डोळे सारखे सांगतो. चित्रात असतं तेच सांगतो. लंकाबाईने पक्षी सांगितला होता. गेली पंचवीस वर्षं तो बुश हातात घेऊन ड्रॉइंगवरून त्याची परीक्षा करत आला होता आणि कारखान्यात ते बरोबरही होतं, कारण तिथे ड्रॉइंग आधी येतं आणि बुश नंतर. तलावावर आधी पक्षी येतो. एवढी साधी गोष्ट पन्नाशीत कळावी याची त्याला शरम वाटली, आणि ती कळायला एक झाड नि दोन पिल्लं खर्ची पडली याचं तर काय वाटलं ते त्याने सवितालाही सांगितलं नाही.

येत्या शनिवारी वाडीत तिच्या घरी जाऊन सांगायचं, असं त्याने ठरवलं. शनिवारी पाऊस होता. पुढच्या शनिवारी लंकाबाई घरी नव्हती. त्याच्या पुढच्या शनिवारी ती होती, आणि पाऊस नव्हता, आणि खंडेराव भरावावर बसून पाण्याकडे बघत राहिला. कारखान्यात चूक झाली तर लॉट परत बोलावता येतो. त्याने दोनदा बोलावला होता आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नव्हता. इथे परत बोलवायचं काय? ‘लंकाबाई, तुमचं खरं होतं’ एवढं बोलायला जीभ उचलायची आणि पुढे तिने विचारलं, ‘मग आता?’ तर काय सांगायचं?

असे महिने गेले, मग वर्षं गेली. तो एक शनिवार चुकवत नसे. लंकाबाईचा नवरा आजारी होऊन गेला तेव्हा तो सविताला घेऊन भेटून आला. ढाळा पुन्हा मिळू लागला होता. दोघांचं बोलणं व्हायचं ते पावसाचं, हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं, गॅसच्या भावाचं. पक्ष्यांचं नाही. आपण पक्ष्यांबद्दल तोंड उघडलं की ती गोष्ट निघणार, या धाकाने त्याने तिच्याशी पक्ष्यांचं नावच टाकलं. मंडळात लोक म्हणायचे, खंडेरावकाका आता मवाळ झालेत, कुणाची नोंद फेटाळत नाहीत, नुसतं विचारत बसतात, अजून काय दिसलं, अजून काय दिसलं. वयाने होतं असं, असं म्हणून ते सोडून द्यायचे.

दोन हजार सहाच्या जानेवारीत, निवृत्तीला चार महिने उरले असताना, एका शनिवारी तो भरावावर चढला आणि तिथेच थबकला.

लंकाबाईच्या हरभऱ्याच्या पलीकडे, घोटाभर पाण्यात तो उभा होता. एकटाच. दुर्बीण लावायची गरज नव्हती. एवढी उंची, एवढी मोठी काळी चोच आणि असे लाल पाय दुसऱ्या कुणाचे नसतात. तरी त्याने दुर्बीण लावली. सावलीतली मान काळी होती. मग पक्षी दोन पावलं उन्हात आला आणि मान निळी झाली, हिरवी झाली.

डोळा मात्र दिसेना. अंतर फार होतं. तो वाकून, दबकत वीस पावलं पुढे गेला. पक्ष्याने चोच वर केली, पंख अर्धे उघडले. खंडेराव होता तिथेच बसला आणि बसल्या बसल्या मागे सरकला. पक्ष्याने पंख मिटले. लंकाबाई पट्टीच्या मधोमध खुरपत होती. तिच्याकडे पक्ष्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

थोड्या वेळाने ती ढाळा घेऊन वर आली. पन्नाशी उलटली होती तिची. भराव चढताना गुडघ्यावर हात ठेवायची.

‘तीन दीस झालं आलाय,’ ती म्हणाली. आठ वर्षांत ती पहिल्यांदा पक्ष्याबद्दल बोलत होती.

‘लंकाबाई,’ खंडेराव म्हणाला, ‘मी गेलो तर उडेल. तुम्ही जवळ जाऊन त्याचा डोळा बघून याल का?’

ती खाली उतरली. हरभऱ्याच्या कडेने खुरपत खुरपत पुढे गेली. पक्षी तिच्यापासून पंधरा पावलांवर मासा शोधत होता. ती जरा वेळ तशीच बसली. मग तशीच खुरपत परत आली.

‘पिवळा,’ ती म्हणाली. ‘मादी हाय.’

खंडेरावने रजिस्टर उघडलं. निकालाच्या रकान्याआधी पट्टीने एक रेघ मारून नवा रकाना आखला, त्याला ‘डोळा’ असं नाव दिलं आणि त्यात लिहिलं, ‘पिवळा’. पाहणाऱ्याच्या नावापुढे तो नेहमी स्वतःचं नाव लिहायचा. तिथे त्याने लिहिलं, ‘लंकाबाई, भोकरवाडी’.

‘न बगता लिवलं?’ लंकाबाईने विचारलं.

‘तुम्ही पाहिलंत ना.’

मग त्याला राहवेना. इतकी वर्षं अडलेलं बोलणं एकदम बाहेर आलं, ना शेंडा ना बुडखा. मोठा ग्रंथ, मोराची मान, डोळ्यांचा रंग, मातकट पिल्लं, सगळं त्याने सांगितलं. कागद पाच मिनिटांचं काम होतं आणि आपणच नको म्हणालो, हेही सांगितलं. बोलताना तो तिच्याकडे न बघता गाळाकडे बघत होता.

‘तुमचं सगळं खरं होतं,’ तो शेवटी म्हणाला. ‘माझ्यामुळे दोन पिल्लं गेली, लंकाबाई.’

लंकाबाईने ढाळा सोलायचा थांबवला.

‘दोन कुटं?’ ती म्हणाली. ‘येक गेलं.’

खंडेरावने मान वर केली.

‘दुसरं गाळात पडलं व्हतं. पाय मुरगाळलेला, बाकी धड व्हतं. दोन म्हैनं माज्या हरबऱ्यात ऱ्हायलं. आईबाप भुईवं यिऊन चारायचे. म्या वाडीतल्या कुत्र्यांना हितं फिरकू दिलं नाय. तुमी आले का त्ये दडून बसायचं, हरबरा हा येवडा वाढलेला. शिमग्याला उडालं.’

‘मी तर दर शनिवारी इथे होतो,’ खंडेराव म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच नीट ऐकू आला नाही. ‘मला सांगितलं का नाही?’

‘तुमी कवा इचारलं?’ लंकाबाई म्हणाली. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ‘रंग इचारला. म्या सांगितला. दुसरं कुटंय, आसं तुमी आज इचाराल, उद्या इचाराल म्हनून म्या वाट बगितली. मग म्हनलं जाऊंद्या, सायबाला पाखराचं काय पडलेलं नाय.’

आठ वर्षं. चारशेच्या वर शनिवार तो तिच्यापासून हाकेच्या अंतरावर बसला होता, त्यातली साडेपाच वर्षं दोन पिल्लांचं ओझं घेऊन, आणि त्यातलं एक कधीच उडून गेलं होतं. एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. आज तो विचारलाही नव्हता. कबुली देताना उत्तर आपोआप हातात पडलं होतं. खंडेरावला रडू आलं. ते पिल्लू जगलं म्हणून आलं की एवढी वर्षं उगाच गेली म्हणून आलं, की तिने आपल्याला असा माणूस समजावं याचं आलं, ते त्यालाही कळलं नाही. लंकाबाई पाण्याकडे बघत बसली आणि तिने त्याला रडू दिलं.

‘ही तीच आसंल,’ जरा वेळाने ती म्हणाली.

पायात कडी नाही, अंगावर खूण नाही. एका तपकिरी पिल्लाची आठ वर्षांनी हीच मादी झाली, हे जगातला कुठलाही तपासनीस पास करणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने डोळे पुसले आणि रजिस्टरात नवं पान काढलं.

‘उडालं तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ त्याने विचारलं. ‘सकाळ होती की दुपार? कुठल्या दिशेला गेलं? पाय लंगडत होता का तेव्हाही?’

लंकाबाई सांगत गेली, तो लिहीत गेला. काही राहिलं तर तिला थांबवून पुन्हा विचारत होता.